कल्पिताला दिसलेला उजेड

"माझ्या बायकोला 'नाही' म्हणण्याचा पगार मिळतो," असं जयेश दुकानात येणाऱ्यांना सांगायचा. डोंबिवली पूर्वेला कॉलेजच्या रस्त्यावर त्याचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. मशीन गरम होईपर्यंत समोरचा माणूस काहीतरी विचारणारच, आणि बहुतेक वेळा प्रश्न एकच असायचा, वहिनी नक्की काय करतात?

मग जयेश आपल्या परीने समजावून द्यायचा. खूप लांब, आपण कल्पनाही करू शकणार नाही इतक्या लांब, दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी आदळतात. त्या टकरीने अवकाशच थरथरतं. ती थरथर अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या मोठमोठ्या यंत्रांना कळते आणि ते लोक जगभर निरोप पाठवतात. अशा टकरीबरोबर गॅमा किरणांचा एक झोत निघू शकतो, सेकंद-दोन सेकंदांचा. डोळ्याला न दिसणारा उजेडच तो. आपला एक उपग्रह वर फिरतो आहे, त्याच्यावरच्या यंत्राला त्या वेळी तो झोत दिसला का, एवढंच कल्पिता बघते.

"मग दिसतो का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"एरवीचे झोत शेकड्यांनी दिसलेत. पण थरथरीच्या निरोपाशी जुळणारा एकही नाही. मग ती तसं लिहून कळवते, की आम्ही नीट बघितलं, आम्हाला दिसलं नाही."

गिऱ्हाईक हसायचं. जयेशही हसायचा. पण त्या हसण्यात कुठेतरी अभिमान असायचा, कारण कल्पिताने 'नाही' म्हटलं की जगातले लोक ते मान्य करतात, हे त्याला माहीत होतं.

कल्पिता कोलशेतची. वडील दामाजी खाडीत होडी घालायचे, आई मनुबाई टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. खाडीचं पाणी काळं पडत गेलं, काठावर उंच इमारती आल्या आणि दामाजींच्या जाळ्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त येऊ लागल्या, त्या काळात ही मुलगी घरातल्या एकुलत्या एका खोलीत भिंतीकडे तोंड करून अभ्यास करायची. पुढे ती भौतिकशास्त्र शिकली, मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.ला गेली. ते काय असतं हे कोलशेतच्या कोळीवाड्यात कुणाला सांगता आलं नसतं, पण दामाजींचं एक ठरलेलं असायचं. ती घरी आली की होडीवरून हाक मारल्यासारखं विचारायचे, "काय गो पोरी, गावला का काय?" आणि ती चप्पल काढता काढता म्हणायची, "नाय बाबा."

जयेशशी तिची गाठ पडली ती प्रबंधामुळेच. पाच प्रती बांधून तयार होत्या. पैसे देण्याआधी तिने प्रत्येक प्रत उघडली आणि उभ्याउभ्या पानन् पान उलटलं. दुकानात गर्दी होती, लोक चुळबुळ करत होते. चौथ्या प्रतीत एक आलेख उलटा लागला होता. तिने ती प्रत काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "ही परत करून द्या." आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. जयेशने ती प्रत तिच्यासमोर सोडवली, पुन्हा शिवली. तिने पुन्हा सगळी पानं बघितली आणि म्हणाली, "बरं आहे."

या पोरीला एकदा तरी मनापासून खूश झालेलं बघायचं, असं त्याच्या मनाने बहुतेक तेव्हाच घेतलं.

लग्नाला दोन्ही घरांतून कुरकुर झाली. जयेशचे लोक मूळचे राजापूरकडचे. कोळ्यांची मुलगी म्हटल्यावर त्याची आई दोन दिवस जेवली नाही. तिकडे मनुबाईला डोंबिवलीचा कागदवाला जावई फारसा पटला नव्हता. पण काळ गेला, ऐश्वर्या झाली आणि दोन्ही आज्या एका पाळण्याला हात लावून बसल्या, तेव्हा सगळं आपोआप निवळलं.

कल्पिता मात्र होती तशीच राहिली. मोजकं बोलायची. भाजी चांगली झाली तरी "बरं आहे", नवीन साडी आणली तरी "बरं आहे". मोठ्याने हसलेली जयेशने तिला क्वचितच पाहिली. शेजारच्या बिऱ्हाडातून संध्याकाळी नवराबायकोच्या हसण्याचे आवाज यायचे, तेव्हा त्याला थोडं वाईट वाटायचं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

सतरा सालच्या ऑगस्टमध्ये तो निरोप आला, ज्याची जगभरचे तिच्यासारखे लोक वाट बघत होते. दोन न्यूट्रॉन तारे आदळले होते, आणि त्याच क्षणी गॅमा किरणांचा झोतही आला होता. दुसऱ्या देशांच्या उपग्रहांनी तो पकडला. कल्पिता घरातच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. बराच वेळ गेला. मग तिने मान वर केली आणि जयेशला सांगितलं, "आपला उपग्रह तेव्हा पलीकडे होता."

"म्हणजे?"

"तो आणि तो झोत, यांच्या मध्ये पृथ्वी होती."

एवढंच. रडली नाही, चिडली नाही. उठून भांडी घासायला लागली. जयेशने तिच्या हातातली कढई काढून घेतली, तेव्हा ती तशीच ओल्या हातांनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर असा दुसरा योग पुन्हा आला नाही. निरोप येत राहिले, पण बहुतेक कृष्णविवरांचे, ज्यांच्यातून उजेड निघण्याची आशा फारशी नसतेच. तरी ती प्रत्येक वेळी बघायची आणि प्रत्येक वेळी लिहायची की दिसलं नाही.

मग कोरोनाची दोन वर्षं सरली, आणि कल्पिता बदलायला लागली.

आधी गोड. चहातसुद्धा साखर न घेणारी बाई एक दिवस येताना अर्धा किलो जिलबी घेऊन आली आणि कागद फाडून उभ्यानेच खायला लागली. मग गाणी. स्वयंपाकघरात ती कोळीवाड्यातली हळदीची गाणी म्हणू लागली, मोठ्याने, वरच्या मजल्यावर ऐकू जातील अशी. दुकानात आली की गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, एखाद्या अनोळखी मुलीच्या गालाला हात लावून "किती गोड आहेस गं" म्हणायची. जयेशच्या विनोदांवर ती हसायला लागली. जे विनोद वीस वर्षं ऐकून तिने फक्त भुवई उचलली होती, त्याच विनोदांवर.

नवरात्रात ते ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला गेले. रांग पार पलीकडच्या चौकापर्यंत गेलेली. कल्पिता रांगेत दहा मिनिटं उभी राहिली आणि मग दोरीखालून वाकून सरळ पुढे चालू लागली. स्वयंसेवकाने अडवलं तर त्याचा हात धरून म्हणाली, "अरे, देवी काय तुझ्या एकट्याची आहे का?" लोक हसले. तो पोरगाही हसला आणि त्याने तिला सोडलं. जयेशला लाजल्यासारखं झालं. पण परत येताना ती रिक्षात त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून गुणगुणत होती, आणि त्याला वाटलं, आलं बाबा एकदाचं. उशिरा का होईना, माझी बायको मोकळी झाली.

ऐश्वर्याला तसं वाटत नव्हतं. ती तेव्हा अकरावीत होती. एकदा तिला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली गेल्या, तिला दवाखान्यात ठेवलं. जयेश धावपळ करत होता. कल्पिता खाटेशेजारी बसून मुलीसाठी आणलेलं सफरचंद खात होती. घरी आल्यावर ऐश्वर्या म्हणाली, "पप्पा, आईला माझी काळजीच वाटत नव्हती. मी रडलेले, तर ती टीव्ही बघत होती."

"टेन्शन घेत नाही ती हल्ली. चांगलं आहे ना?" जयेश म्हणाला.

"आधीची आई बोलायची नाही, पण रात्रभर बसली असती," ऐश्वर्या म्हणाली. जयेशने विषय बदलला.

त्यानंतरच्या श्रावणातली गोष्ट. भर दुपारी दुकानात फोन वाजला.

"जयेश, दिसलं."

त्याला आधी कळलंच नाही. "काय दिसलं?"

"झोत. निरोप आला, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचा. आणि आपल्या यंत्रात झोत आहे. मी कळवून पण टाकलं." आणि ती हसत सुटली.

जयेशने मशीन बंद केलं. गिऱ्हाइकांचे कागद तसेच काउंटरवर होते. त्याने समोरच्या मिठाईवाल्याकडून पेढे घेतले आणि ओळखीच्या, अनोळखी सगळ्यांना वाटले. संध्याकाळी तिघंही कोलशेतला गेले. कल्पिताने उंबऱ्यातूनच ओरडून सांगितलं, "बाबा, गावला!"

दामाजी तेव्हा ऐंशीच्या घरात होते, होडी कधीच विकलेली. ते भिंतीला धरून उठले, बाहेर आले आणि शेजारपाजाऱ्यांना हाका मारू लागले. "इतकी वरसा पोर बोलते, नाय गावला, नाय गावला. आज गावला!" काय गावला हे कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्याचा चेहरा बघून लोकच खूश झाले. मनुबाईने नारळ फोडला. कल्पिता अंगणात पोरांबरोबर फेर धरून नाचली. जयेशने मोबाइलवर तिचे फोटो काढले. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कुठला, असं त्या क्षणी त्याला कुणी विचारलं असतं, तर त्याने विचार न करता सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिने जगभर पाठवलेली झोत दिसल्याची सूचना रंगीत छापली, लॅमिनेट केली आणि दुकानात काउंटरच्या मागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी लावली.

त्याच दुपारी अक्षदा दुकानात आली. अक्षदा ही कल्पिताची जुनी विद्यार्थिनी. आता त्याच संस्थेत नोकरीला होती आणि उपग्रहाचं काम दोघी मिळून बघायच्या. राहायला कल्याणला. एरवी आली की आधी पाणी मागायची. आज तिने मागितलं नाही. भिंतीवरच्या लॅमिनेशनकडे बघून ती थबकली.

"काका, मॅडमनी माझं नाव घातलंय यात," ती म्हणाली. "दोघींनी बघितलं असं लिहिलंय. मी बघितलेलंच नाही. मी माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला गेलेले, त्यांना माहीत होतं."

जयेशला वाटलं, श्रेयाचं काहीतरी आहे. "अगं, घाईत विचारायचं राहिलं असेल. तुझं नाव आलं हे चांगलंच ना?"

"काका, ते खोटं आहे."

तिने बॅगेतून एक कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. चार आलेख होते, एकाखाली एक. "आपल्या यंत्राचे चार भाग आहेत. झोत बाहेरून, आभाळातून आला तर चारही भागांत एकदम उंचवटा दिसायला हवा. एखादा भटका कण एका भागावर आपटला, तर फक्त तिथेच उंचवटा येतो. तो आपला झोत नाही, नुसता गोंगाट आहे. हे बघा."

जयेशने बघितलं. वरच्या आलेखात एक टोक होतं. खालच्या तिन्हींत काही नव्हतं. ते त्यालाही दिसत होतं.

"हे मॅडमनी मला पहिल्या दिवशी शिकवलंय," अक्षदा म्हणाली.  "पहिल्या दिवशी. दुसऱ्या देशांच्या दोन उपग्रहांना आभाळाचा तो तुकडा दिसत होता, त्यांनी कालच कळवलंय की तिथे काही नाही. सगळीकडून मेल येतायत. आम्हाला मागे घ्यावं लागेल. मॅडम फोन उचलतात आणि हसतात. त्या माझ्याशी असं का वागल्या, तेवढं मला सांगा."

जयेश तिच्याबरोबर बाहेर आला. तिला रिक्षात बसवून तो आत आला, स्टुलावर चढला आणि त्याने भिंतीवरचं लॅमिनेशन काढलं. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही निघाला.

संध्याकाळी अक्षदा घरी आली. तिघांनी टेबलाशी बसून पुन्हा ते चार आलेख उघडले. जयेशला वाटत होतं, आता कल्पिताला चूक कळेल, ती एकदम गप्प होईल, कदाचित रडेल. ती रडली तर काय बोलायचं हेही त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं.

"मॅडम, खालच्या तीन भागांत काहीच नाहीये," अक्षदा म्हणाली.

"आहे की."

"कुठे?"

कल्पिताने सपाट रेषेवरून बोट फिरवलं. चेहरा अगदी प्रसन्न होता. "हे काय. तू फार कोरडं बघतेस गं. जरा प्रेमाने बघ, म्हणजे दिसेल."

अक्षदाने जयेशकडे बघितलं. दुपारी तिच्या डोळ्यांत राग होता, तो त्या वाक्याबरोबर निघून गेला आणि त्याजागी भीती आली.  चूक कुणाकडूनही होते. पण ही बाई, जिने उभ्याउभ्या प्रबंधाच्या पाचही प्रतींचं पानन् पान तपासलं होतं, ती रिकाम्या जागेवर बोट ठेवून हसत होती.

कल्पिता उठली, फ्रीज उघडून उरलेले पेढे काढले आणि एकेक करून सगळे खाल्ले.

पुढे दवाखाने सुरू झाले. पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी जाण्याचं वय आहे, होतं असं. दुसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. जयेशच्या बहिणीने कुठल्याशा बाबांचा अंगारा आणून दिला. तोही त्याने उशाखाली ठेवला, उगाच मनात राहायला नको म्हणून. शेवटी ठाण्यातल्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाने कपाळामागचा भाग दाखवला. तो आक्रसत चालला होता. हा एक प्रकारचा स्मृतिभ्रंशच, पण यात आठवण आधी जात नाही. आधी तारतम्य जातं, संकोच जातो, दुसऱ्याबद्दलची काळजी जाते. गोड खाण्याची हाव सुटते. माणसाला स्वतःला काही झालंय असं वाटतच नाही.

"औषध?" जयेशने विचारलं.

"हे थांबवणारं अजून नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "मला एक नीट आठवून सांगा. वागण्यातला बदल केव्हापासून जाणवतोय?"

जयेशने मान वळवली. शेजारी कल्पिता टेबलावरच्या कॅलेंडरमधला फोटो बघून हसत होती.

"गाणी म्हणायला लागली तेव्हापासून," तो शेवटी म्हणाला. "हसायला लागली तेव्हापासून. दोन वर्षं झाली असतील."

"तेव्हा तुम्हाला शंका नाही आली?"

"नाही. मला वाटलं, ती खूश आहे."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते लिहीत असताना जयेशला टेंभी नाक्यावरून परतताना रिक्षात खांद्यावर ठेवलेलं तिचं डोकं आठवलं. त्या सगळ्या दिवसांकडे आता कसं बघायचं, हे त्याला कळेना. ज्या बायकोला तो नव्याने जीव लावत होता, ती बायको नव्हतीच, आजार होता. आणि जी खरी होती, ती त्याच दोन वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि त्याने तिला साधं जाऊ नकोस असंही म्हटलं नाही.

घरी आल्यावर त्याने ऐश्वर्याला सांगितलं. ती बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला आधीच कळलं होतं, हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही.

संस्थेने कल्पिताला मानाने घरी पाठवलं. काम अक्षदाकडे आलं, आणि त्याबरोबर आणखी एक नको असलेलं कामही. कल्पिताने गेल्या दोन वर्षांत तपासलेलं सगळं पुन्हा तपासायचं होतं. तीन महिन्यांनी अक्षदा एका रविवारी आली, तेव्हा कल्पिता आत झोपली होती. अक्षदाने सांगितलं की चार ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागल्या. मॅडमनी बघितलं असं लिहिलं होतं, पण त्यांनी फाइल उघडलीच नव्हती.

"आणि त्याच्या आधीचं?" जयेशने विचारलं.

"आधीचं कुणी मला बघायला सांगितलं नव्हतं," अक्षदा म्हणाली. "मीच बघितलं. सगळं. काका, एक चूक नाही सापडली."

मग ती रडली. कल्पितासमोर ती कधी रडायची नाही, कारण एकदा रडली होती तेव्हा मॅडम तिच्याकडे बघून हसल्या होत्या.

दामाजींना यातलं पूर्ण कधीच सांगितलं गेलं नाही. पोरीला डोक्याचा आजार आहे, एवढं त्यांना कळलं. पण झोत दिसल्याचं मागे घ्यावं लागलं, हे जयेशने त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. शेवटच्या दिवसांत ते खाटेवर पडून असायचे. जयेश पाय चेपत बसला असताना एकदा म्हणाले, "जावईबापू, पोरीचा नशीब फुटका. पन एकदा गावला ना तिला?"

"गावला, बाबा," जयेश म्हणाला.

"मंग झाला." आणि त्यांनी डोळे मिटले.

ते गेले तेव्हा सगळा कोळीवाडा अंगणात जमला होता. बायका मनुबाईला धरून बसल्या होत्या. कल्पिता बापाच्या पायाशी उभी राहिली, त्याच्याकडे बघितलं, मग वळून एका चुलतभावाला मोठ्याने म्हणाली, "जिलबी नाही आणली?"  ऐश्वर्या आईला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेली. लोकांना आजार माहीत होता, त्यांनी समजून घेतलं. पण मनुबाईने त्या दिवशी दोन माणसं गमावली असं जयेशला वाटलं.

पुढच्या वर्षी कल्पिताचे शब्दही कमी होत गेले. दार उघडं दिसलं की ती बाहेर पडायची. एकदा पार गावाबाहेर पलाव्याच्या नव्या वसाहतीकडे सापडली, अनवाणी, कुणाच्या तरी टपरीवरचे लाडू हातात घेऊन. दुकान आणि ती, दोन्ही सांभाळणं जयेशला जमेना. कुणीतरी सांगितलं, खडवलीला नदीच्या बाजूला अशा माणसांना ठेवून घेणारं एक ठिकाण आहे. तो मनुबाईला बरोबर घेऊन बघायला गेला. जागा स्वच्छ होती, झाडं होती, बाया मायेने बोलत होत्या. व्हरांड्यात खुर्च्यांच्या एका रांगेत म्हातारी माणसं उन्हाला बसवलेली होती. मनुबाईने सगळं नीट फिरून बघितलं आणि फाटकाशी येऊन म्हणाली, "इथं ती सगल्यांत ल्हान दिसंल. नको." आणि आठवडाभरात आपली पत्र्याची पेटी घेऊन ती डोंबिवलीला राहायला आली.

आता घरात असं चालतं. सकाळी मनुबाई मुलीला न्हाऊ घालते, वेणी घालते. दुपारी जयेश दुकान बंद करून जेवायला येतो. ऐश्वर्या पुण्याला शिकते, तिचा फोन रात्री येतो. आईच्या कानाला फोन लावला की आई ऐकते, बोलत नाही. मनुबाई मासे करते आणि पन्नाशीकडे झुकलेल्या मुलीला काटे काढून एकेक घास भरवते. मायलेकी समोरासमोर बसतात. कल्पिताचं हसणंही हल्ली ओसरलं आहे. ती नुसती बघते.

परवा बोंबील होते. घास भरवता भरवता मनुबाईने खाली मान घालूनच विचारलं, "जयेश, एक इचारू? पयली माजी पोर सुखी नव्हती का रे? ती कदी हसायची नाय. तो आजार आला तवाच हसली. माज्या मनात येतं, आमी तिला कदी सुख दिला नाय."

 हाच प्रश्न जयेशने स्वतःला इतके दिवस विचारला होता, फक्त दुसऱ्या शब्दांत. आणि उत्तर शोधताना त्याच्या डोळ्यांसमोर एक साधी गोष्ट आली, जिच्याकडे त्याने आजवर लक्षच दिलं नव्हतं. परीक्षांच्या दिवसांत दुकानात नोट्सचे ढीग पडायचे, तेव्हा रविवारी सकाळी, शटर अर्धवट खाली असताना, कल्पिता त्याच्याबरोबर यायची. कुणी सांगितलेलं नसायचं. पानं क्रमाने लावायची, गठ्ठा काउंटरवर आपटून चारी कडा सरळ करायची, त्याच्याकडे सरकवायची आणि तो पिन मारायचा. तासन् तास दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. चहा यायचा, ती तिच्या ग्लासमधला अर्धा त्याच्या ग्लासमध्ये ओतायची. एकदा त्याने विचारलं होतं, "सुट्टीच्या दिवशी कशाला येतेस? झोपायचं ना जरा." ती गठ्ठा सरळ करत म्हणाली होती, "मला इथे आवडतं." किती वर्षं ती अशी येत होती, आणि तो मात्र शेजाऱ्यांच्या हसण्याकडे कान लावून बसला होता.

"सुखी होती, आई," तो म्हणाला. "मलाच कळत नव्हतं."

मनुबाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो मन राखायला बोलतोय की खरं, हे तिने थोडा वेळ जोखलं. मग पदराने नाक पुसलं.

"मंग बरा," ती म्हणाली.

कल्पिताने तोंड उघडलं होतं. मनुबाईने बोंबलाचा तुकडा बोटांनी चाचपून बघितला आणि भातात कालवला. जयेशने पाण्याचा पेला भरून कल्पिताच्या उजव्या हाताशी ठेवला, आणि ती पिते का, ते बघत बसला.